सहाशे चौदा नंबरची बाटली

ग्लासगो
६ सप्टेंबर २००४

एफी,

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहितेय. न वाचता शेगडीत टाकू नकोस. आधी वाच, मग टाक.

तुझा भाऊ आजारी आहे. डूगलच्या अन्ननलिकेत गाठ आहे आणि आता ती यकृतातही उतरलीय. डॉक्टरीणबाई भली आहे, तिने काही लपवलं नाही. नाताळचं मी विचारलं तर म्हणाली, "एकेक आठवडा धरून चला." घरीच ठेवलंय त्याला. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी.

मागच्या रविवारी मी त्याला पेपर वाचून दाखवत होते. त्यात आपल्या बेटाचं नाव आलं. बालेनूरच्या कारखान्याने बावीस वर्षांची व्हिस्की बाहेर काढलीय, 'शेवटचा धूर' नावाने. लिमिटेड एडिशन. सात पिंपं, एकोणीसशे बाटल्या, की संपलं. का संपलं तेही लिहिलं होतं. ८२ साली कारखान्याने स्वतःची भट्टी विझवली आणि बाहेरून वाळवलेले सातू आणायला लागले. त्या भट्टीत, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, पीटच्या धुरावर वाळवलेले अगदी शेवटचे सातू या सात पिंपांत गेले होते. एवढं वाचलं आणि जो माणूस दोन दिवस मान उचलत नव्हता तो कोपर टेकून उठला.

"ती भट्टी मी पेटवली होती," म्हणाला. "इश्बेल, तो धूर माझा आहे."

तेव्हापासून एकच चाललंय. एक घोट. घोटही नाही, चमचाभर. दुकानात विचारलं, सगळ्या बाटल्या आधीच गेल्या, बऱ्याचशा परदेशात. पोस्टातल्या बेलाने सांगितलं की बेटावरच्या घरांसाठी सभागृहात चिठ्ठ्या काढल्या आणि तुझी चिठ्ठी निघाली.

डूगलला माहीत नाही मी तुला लिहितेय ते. तो म्हणाला होता, "एफीला विचारायचं नाही." मी विचारतेय. अर्धी वाटी एखाद्या औषधाच्या बाटलीत भरून पाठव, बाकीची ठेव. आपण दोघी एका बाकावर बसलोय शाळेत, त्याची तरी आठवण ठेव.

इश्बेल


पोर्ट नावे
१० सप्टेंबर

इश्बेल,

वाचलं. मग टाकलं.

बाटली आहे माझ्याकडे. सहाशे चौदा नंबर. लाकडी पेटीत घालून देतात, तान्ह्या पोराची शवपेटी असावी तशी. आत मखमल. वर एक पुस्तिका. त्यात भट्टीवाल्याचा फोटो आहे, पण तो तुझा नवरा नाही. कुणीतरी दाढीवाला आणून उभा केलाय, हातातलं फावडंही उलटं धरलंय त्याने. तुझ्या नवऱ्याचं नाव कारखान्यात आता कुणाला आठवत नाही. मला आठवतं.

पुस्तिकेत लिहिलंय की या व्हिस्कीला समुद्राचा, डांबराचा, जळक्या दोराचा आणि दवाखान्याचा वास आहे. त्यासाठी लोक चारशे पौंड मोजतात. तुझ्या नवऱ्याला दवाखान्याचा वास सरकारकडून फुकट मिळतोय, त्याला बाटली कशाला?

शाळेच्या बाकाचं काढलंस म्हणून सांगते. मी त्या बाकावरून तेराव्या वर्षी उठले आणि पीट कापायला गेले, तेव्हा मला लांबलचक पत्रं लिहिता येत नाहीत. पण हे एकदा लिहिते.

कारखान्यात प्रत्येकाकडे 'कुत्रा' असायचा. तांब्याची नळी, एका टोकाला पेनी डाक देऊन बसवलेली, दुसऱ्या टोकाला बूच. पिंपात बुडवायची, भरायची, विजारीच्या पायात बांधायची आणि घरी जायचं. धन्याच्या पायाशी पायाशी घरी येतो म्हणून कुत्रा. माझ्या नवऱ्याकडे, फिनलेकडे होता. तुझ्या नवऱ्याकडेही होता. धर्मगुरूच्या मेव्हण्याकडेसुद्धा होता. मॅनेजरला सगळं ठाऊक होतं, तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

मग ८१ च्या ऑक्टोबरात एक दिवस त्याने बघितलं. चाळीस माणसं फाटकातून बाहेर पडत होती. त्याने फिनलेला एकट्याला थांबवलं आणि सरळ उजव्या पायाला हात घातला. उजव्या, इश्बेल. फिनले जन्मभर डाव्या पायाला बांधायचा. त्या आठवड्यात वाफेने डावी नडगी भाजली होती म्हणून त्याने नळी उजवीकडे घेतली. हे घरच्या माणसाशिवाय कुणाला माहीत असणार? मी तर सांगायला गेले नाही. घरचं माणूस दुसरं कोण होतं? माझा भाऊ, जो त्याच्याबरोबर पाळीला जायचा.

फिनलेला काढलं. बेटावर कुणी काम देईना. फेब्रुवारीत तो एका गळक्या होडीतून शेवंडं धरायला गेला. होडी दुसऱ्या दिवशी सापडली. तो एप्रिलात सापडला. मी त्याला मोज्यांवरून ओळखलं, कारण मोजे मी विणले होते आणि ओळखण्यासारखं दुसरं काही खेकड्यांनी ठेवलं नव्हतं.

मातीच्या दिवशी, सगळ्यांसमोर, मी तुझ्या नवऱ्याला विचारलं, "तू सांगितलंस का?" त्याने टोपी हातात फिरवली. ना हो म्हणाला, ना नाही. महिन्याच्या आत तुम्ही ग्लासगोला पळालात.

तेव्हा मरू दे त्याला कोरड्या तोंडाने. फिनलेच्या तोंडात पाणी होतं, ते पुरे झालं एका घराला.

एफी


ग्लासगो
१५ सप्टेंबर

एफी,

तुझं पत्र मी त्याला दाखवलं नाही. न्हाणीघरात बसून वाचलं.

तू काहीही लिही, मी ऐकून घेईन. तो आता एकोणचाळीस किलोचा उरलाय. त्याची अंघोळ मी एकटी घालते, इतका हलका झालाय. भात, सूप, अंडं, कशाचीच चव लागत नाही म्हणतो. पण नाक शाबूत आहे. नर्स येते, ती हात धुऊन आली तर साबण कुठला ते सांगतो. परवा तिला म्हणाला, "बाई, तुमच्या घरी मांजर आहे आणि ती गाभण आहे." ती हसली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, खरंच आहे.

तुला आठवतं ना, भट्टीवरची माणसं त्याचे डोळे बांधायची आणि नाकाखाली पीटचा तुकडा धरायची? हा खालच्या पट्ट्यातला, हा रस्त्याकडेचा, हा काळ्या तळ्याच्या वरचा. कधी चुकला नाही. एकदा कुणीतरी वाळलेलं शेण धरलं, तर म्हणाला, "हे मॅनेजरच्या बागेतलं."

शेवटच्या भट्टीला काळ्या तळ्याच्या वरचा पीट लावला होता, असं तो सगळ्यांना सांगतो. घराच्या चुलीला कोरडा पीट लागतो, भट्टीला ओलसर, जाळ नको, धूर हवा, हे त्याने त्या नर्सला इतकं समजावलंय की ती बिचारी आता स्वतः पेटवू शकेल. मला यातलं काही कळत नाही. मला सगळी व्हिस्की सारखीच, खोकल्याचं औषध. पण त्याला कळतं, आणि त्याला दुसरं काही नकोय.

तुझ्या आईचा रुप्याचा ब्रोच माझ्याकडे आहे. तुला तो हवा होता. पाठवते. तू एक चमचा पाठव.

इश्बेल


पोर्ट नावे
२० सप्टेंबर

इश्बेल,

ब्रोच आला. माझाच होता, त्याचे आभार मानत नाही.

बाटली येणार नाही. मला एकच गोष्ट हवी आहे आणि ती मी बावीस वर्षं मागतेय. त्याने केलं असेल तर त्याने "मी केलं" म्हणावं. मरताना तरी. मी केलं, एवढे दोन शब्द. ते आले तर बाटली येईल. चमचा नाही, अख्खी बाटली.

नाही म्हणाला तरी चालेल. पण टोपी फिरवलेली चालणार नाही.

एफी


ग्लासगो
२ ऑक्टोबर

एफी,

तुला हवं ते मिळालं.

काल संध्याकाळी मी त्याच्या उशाशी बसले आणि तुझा प्रश्न विचारला. त्याने मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाला, "मी केलं. एफीला सांग, मी केलं." पिंपातली व्हिस्की कमी भरत होती, त्यापायी भट्टीच्या पाळीतला कुणीतरी कामावरून जाणार होता, आणि त्याला आपल्या दोन पोरी दिसल्या. तुला तर मूल नव्हतं. त्याने फिनलेचं नाव मॅनेजरला दिलं. त्याला वाटलं होतं, फिनलेला दोन आठवडे घरी बसवतील आणि परत घेतील.

रडला तो. म्हणाला, तिने माफ नाही केलं तरी चालेल.

आता दिलेला शब्द पाळ. लवकर. दिवसाला दोन चमचे पाणी जातंय त्याच्या घशाखाली, तेही किती दिवस जाईल कुणास ठाऊक.

इश्बेल


पोर्ट नावे
११ ऑक्टोबर

इश्बेल,

कबूल केलं ते बरं झालं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बटाटे सोलत होते. वाचलं आणि उरलेले सोलले. मला वाटायचं ते शब्द आले की मी किंचाळेन. तसं काही झालं नाही. तू लिहिलंयस तसं, मला मूल नव्हतं, म्हणून माझा नवरा द्यायला सोपा. ते वाक्य मी चार वेळा वाचलं.

शब्द दिला होता, पाळते. सोबतच्या खोक्यात बाटली आहे. सहाशे चौदा, लाखेसकट. लोकरीत गुंडाळलीय. त्यात पाणी घालू नका. तो म्हणायचा ना, चांगल्या व्हिस्कीत पाणी घालणारा माणूस चर्चमध्ये शिट्टी वाजवेल. तशीच द्या. रंग बघायला सांग त्याला उजेडात, सुंदर रंग आहे.

आणि एक. तो गेला की इथे आणू नकोस. आईबाबांच्या कबरीत एकाची जागा उरलीय, तिचा कागद माझ्या नावावर आहे. ती जागा माझी. फिनलेचं नाव विकणारा माणूस माझ्या आईशेजारी झोपणार नाही. ग्लासगोत जागा भरपूर आहे, ठेव कुठेतरी.

एफी


ग्लासगो
२९ ऑक्टोबर

एफी,

डूगल परवा सकाळी गेला. साडेदहाला. मी चहा ठेवायला आत गेले होते.

आता तुझ्या बाटलीचं सांगते. नीट बसून वाच.

बाटली आली त्या दिवशी मी त्याचे केस विंचरले, स्वच्छ शर्ट घातला. नर्स मुद्दाम थांबली. पोरी आल्या. खिडकीपाशी उजेडात धरून त्याने रंग पाहिला. जुन्या चामड्यासारखा, तपकिरी. "काय रंग आहे," म्हणाला. मी सुरीने लाख काढली, बूच काढलं आणि बाटलीचं तोंड त्याच्या नाकाशी धरलं. एफी, त्याने डोळे मिटले आणि त्याचा चेहरा असा झाला की पोरी खोलीबाहेर निघून गेल्या. "ही माझी भट्टी आहे," म्हणाला. "वारा पश्चिमेचा होता. दार नीट लागत नव्हतं." कितीतरी वेळ नुसता वास घेत राहिला.

मग मी चमच्यात ओतलं आणि त्याच्या जिभेवर सोडलं.

तो थांबला. जीभ फिरवली. आणि हसायला लागला. इतका हसला की त्याला उबळ आली, नर्सने पाठ चोळली. मला वाटलं आनंदाने हसतोय. मी म्हटलं, "आवडली का?" तर म्हणाला, "हे काळ्या तळ्याचं पाणी आहे. वरच्या पट्ट्याखालचं. रोवनच्या झाडाशी जिथे आई लोकर धुवायची, तिथलं." मी घोटभर घेऊन पाहिलं. मला तर रंगावरून काहीच कळलं नव्हतं. दलदलीचं पाणी, एफी. मरणाऱ्या माणसाला तू डबक्याचं पाणी पाठवलंस. व्हिस्की दुसरीकडे काढलीस, त्याच बाटलीत ते भरलंस आणि वर पुन्हा लाख लावलीस. म्हणून गळ्याशी खरा वास राहिला होता.

नर्स म्हणाली, ओतून टाकते. त्याने बाटली धरून ठेवली. "राहू दे. एफी अजून तशीच आहे," म्हणाला. "लहानपणी माझ्या चहात मीठ घालायची." रोज सकाळी बूच काढून वास घ्यायचा आणि एक चमचा पाणी प्यायचा. नर्सने मान हलवली, पण अडवलं नाही. अकरा दिवस. दुसरं काही त्याच्या घशाखाली गेलं नाही, ते गेलं. शेवटल्या दिवशी म्हणाला, "आईशेजारी ठेवा मला."

तू तर जागा नाही म्हणालीस. म्हणून आता खरं लिहावं लागतंय. तो असता तर लिहिलं नसतं, त्याने मला शपथ घातली होती.

त्याने काहीही कबूल केलं नव्हतं. मी त्याला विचारलंच नाही. ते पत्र मी माझ्या मनाने लिहिलं, बाटली यावी म्हणून. त्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं की मी तुला असं लिहिलंय.

फिनलेचं नाव मी सांगितलं.

तेव्हा मी मॅनेजरच्या घरी फरशी पुसायला जायचे. त्याची बायको म्हणाली, भट्टीच्या पाळीतला एक माणूस या आठवड्यात जाणार, बहुतेक तुझाच. मी हातातलं फडकं बादलीत टाकलं आणि म्हटलं, "फिनलेची विजार तपासा. उजवा पाय." पोरींचं कारण मी दिलं ते खरं आहे, फक्त ते माझं होतं. तुला मूल नव्हतं हेही माझ्याच मनात आलं होतं.

तुला पटत नसेल तर तुझंच पत्र आठव. उजव्या पायाचं घरच्यालाच ठाऊक, असं तू लिहिलंस. तू त्या आठवड्यात कुठे होतीस? आजारी मावशीकडे, बेटाच्या पलीकडच्या टोकाला. भाजलेल्या नडगीला हंसाची चरबी लावून पट्टी कोण बांधत होतं? मी. डूगल सोमवारपासून भट्टीवर होता, तिथेच जेवत होता, तिथेच झोपत होता. फिनलेला नडगीमुळे पिंपांच्या गोदामात बसवलं होतं, तो लंगडतोय हेही त्याने पाहिलं नव्हतं. फिनलेला काढलं त्या दिवशी घरी आला, माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. एवढंच म्हणाला, "पोरींना आई हवी." तू कबरीशी विचारलंस तेव्हा नाही म्हणाला असता, तर पुढचा प्रश्न "मग कोण?" हा असता. म्हणून टोपी फिरवली.

बावीस वर्षं त्याने पीटची व्हिस्की तोंडाला लावली नाही. बस डेपोत झाडू मारला. आणि तुझ्या वाढदिवसाला दर वर्षी कार्ड आणायचा, टेबलावर ठेवायचा आणि मग फाडायचा.

मंगळवारच्या बोटीने मी त्याला घेऊन येतेय. कबर उघडून ठेव. माझ्यावर काय राग काढायचा तो काढ, त्याला जागा दे.

तू पाणी पाजलंस आणि मी खोटं लिहिलं. आपण दोघी सारख्याच आहोत, एवढं लक्षात ठेवून धक्क्यावर ये.

इश्बेल


पोर्ट नावे
१४ नोव्हेंबर

इश्बेल,

तू धक्क्यावर माझ्याशी बोलायला आलीस तेव्हा मी बोलले नाही. कबरीशीही नाही. बोलायचं ते लिहितेय, म्हणजे तुला पुन्हा पुन्हा वाचता येईल.

उजव्या पायाचं मला बावीस वर्षांत सुचायला हवं होतं. हंसाच्या चरबीचा वास त्या पट्टीला होता, मी ती पट्टी स्वतः धुतली होती. ती कुणी बांधली हे मी कधी विचारलं नाही. भाऊ गप्प होता, आणि गप्प माणसावर खापर फोडायला सोपं जातं.

माझ्या भावाला मी डबक्याचं पाणी पाजलं. ते मी केलं. बघ, इतकं सोपं असतं म्हणायला. ते तुझ्यावर ढकलणार नाही, माझ्याकडेच राहील. तळ्यावर गेले तेव्हा पाऊस होता, गुडघाभर चिखलात उतरून भरलं मी ते. मुद्दाम रोवनखालून भरलं, कारण तिथलं सगळ्यात काळं. मला हवं होतं की त्याने खूश होऊन घोट घ्यावा आणि मग त्याला कळावं. तसंच झालं, फक्त तो हसला.

आता जागेचं. ती माझी होती, त्याला दिली. मी फिनलेजवळ जाईन, तिथे माती उथळ आहे, पण दोघं मावू.

पेटी कबरीत सोडायला डोक्याकडची दोरी मी धरली त्यावर तुझा जावई धुसफुसला. बायका दोरी धरत नाहीत म्हणे. मी त्याला म्हटलं, "तू याला किती वर्षं ओळखतोस?" म्हणाला, "सहा." म्हटलं, "मग पायाकडे जा." पेटी खाली सोडताना मला दोरीत वजनच लागलं नाही. एकोणचाळीस किलो लिहिलं होतंस, त्याहून कमी भरला असेल.

व्हिस्की मी बिटाच्या लोणच्याच्या बरणीत ठेवली होती, तीच कबरीशी आणली. सगळ्यांनी पाहिलं, कुणी हसलं नाही. पहिला पेला त्याच्या पेटीवर ओतला. त्याचा धूर होता, त्याला दिला. उरलेली रीतीप्रमाणे दोऱ्या धरणाऱ्यांना, एकाच पेल्यातून, उजवीकडून डावीकडे. म्हातारा गिलेस्पी तर घोट तोंडात धरून उभाच राहिला, चाळीस वर्षं त्या कारखान्यात होता तो. म्हणाला, "डूगलची आहे." पुस्तिकेत नाव नसलं म्हणून काय झालं.

आणि मी एकच वाक्य बोलले. "माझ्या भावाने कुणाचं नाव सांगितलं नव्हतं." एवढंच. कुणी सांगितलं ते बोलले नाही. दोऱ्यांवर माझ्याखेरीज सात माणसं होती, जावई सोडून सहा गावातली. सहाजणांनी टोप्या काढल्या, आणि सहाजणांनी आधी एकमेकांकडे आणि मग तुझ्याकडे पाहिलं. ते त्यांचं त्यांनी पाहिलं. मी काही बोट दाखवलं नाही.

पेला तुझ्यासमोरून गेला तेव्हा तू हात पुढे केलास. काळा हातमोजा काढून केलास. मी पेला पुढच्याला दिला. तू तो हात बराच वेळ तसाच धरलास, मग लपवल्यासारखा कोटात घातलास. ते मी जन्मभर बघत राहीन, मला आवडलं.

तू लिहिलंस की आपण सारख्या आहोत. नाही. मी त्याला फसवलं ते त्याने एका चमच्यात ओळखलं. तू मला फसवलंस ते ओळखायला मला बावीस वर्षं लागली, कारण तुझ्यासाठी एक माणूस तोंड मिटून बसला होता. आता तो नाही. तुझ्या पोरींना आपल्या आईने काय केलं ते कळवायचं की नाही, ते माझ्यावर आहे. बहुतेक कळवणार नाही. पण टपाल आलं की दर वेळी तू पाकिटांवरचं अक्षर आधी बघशील.

बरणी धुतली. तिच्यात पुन्हा बीट घातलंय. व्हिस्की संपली, एक थेंब नाही.

बाटली तुझ्याकडे राहिलीय. ती टाकू नकोस, बूच घट्ट लावून ठेव, वास जातो. तुझी वेळ आली की पाठव, मी भरून देईन. तुला तशीही सगळी सारखीच लागते, आणि तळ्याला पाणी कमी नाही.

एफी